पहिलं विमान कुणाचं? श्रेय द्यायचं ते नेमकं कशाचं?

वातकुक्कुट

राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाचा दिवस, १७ डिसेंबर, जवळ आला की विमानाच्या शोधावरून जुने वाद नव्याने पेटतात. राइट बंधू नव्हेतच, ब्राझीलचा सांतोस द्युमाँ. तोही नव्हे, कनेक्टिकटचा गुस्ताव्ह व्हाइटहेड. त्याच्याही आधी फ्रान्सचा क्लेमाँ आदेर. मग न्यूझीलंडचा रिचर्ड पिअर्स आणि जर्मनीचा कार्ल याथो. प्रत्येक नावामागे एकेक देश कंबर कसून उभा असतो आणि चार प्रतिसादांत विमान बाजूला पडून अस्मितेची लढाई सुरू होते. मला विमानाबद्दलच बोलायचं आहे, म्हणून हा धागा.

जमीन सगळ्यात आधी कुणी सोडली, यावरून श्रेय ठरवणं मला पटत नाही. जमीन सोडणं हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग होता. इंजिन ताकदवान आणि पंख मोठे असले की यंत्र काही क्षण उचललं जातं. आदेरने ते ९ ऑक्टोबर १८९० ला करून दाखवलं. 'एओल' नावाचं त्याचं वाफेवर चालणारं, वटवाघळाच्या पंखांचं यंत्र जेमतेम वीतभर उंचीवरून सुमारे ५० मीटर गेलं. आत माणूस होता, इंजिन यंत्रातच होतं. मग गोष्ट तिथेच का संपली नाही? कारण हवेत गेल्यावर ते सावरायचं कसं आणि वळवायचं कसं, याचं उत्तर आदेरकडे नव्हतं. पुढे फ्रेंच युद्धखात्याच्या पैशावर त्याने 'आव्हियाँ ३' बांधलं. ऑक्टोबर १८९७ मध्ये सातोरीच्या मैदानावर वाऱ्याने ते भरकटवलं आणि मोडलं. १९०६ मध्ये आदेर सांगू लागला की तेव्हा आपण ३०० मीटर उडालो होतो. त्या चाचणीचा लष्करी अहवाल १९१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातून उड्डाण झालं नसल्याचंच दिसलं.

हवेत सावरण्याचं कोडं ज्याने अंगावर घेतलं तो माणूस म्हणजे ऑटो लिलिएन्थाल. त्याच्याकडे इंजिन नव्हतं. टेकडीवरून ग्लायडर घेऊन त्याने सुमारे २००० वेळा तरंगून पाहिलं आणि वक्र पंखावर हवेचा जोर किती येतो याची मोजमापं छापली. तोल मात्र तो स्वतःचं शरीर इकडेतिकडे झोकून साधायचा. ९ ऑगस्ट १८९६ ला तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्या मृत्यूच्या बातमीने राइट बंधूंचं लक्ष या विषयाकडे वेधलं.

त्यांचं वेगळेपण इथून दिसतं. त्यांनी इंजिनाला तीन वर्षं हातच लावला नाही. १८९९ मध्ये एक पतंग केला आणि त्याचे पंख दोऱ्यांनी पिळून तो डावीउजवीकडे कलतो का, एवढंच पाहिलं. १९०० चं ग्लायडर, मग १९०१ चं. या दुसऱ्या ग्लायडरची उचल, म्हणजे पंखाला वर उचलणारा हवेचा जोर, हिशेबाच्या जेमतेम एक-तृतीयांश निघाली. इथे बाकीच्यांनी पंख मोठे केले असते. या दोघांनी जुने आकडेच तपासायला घेतले. सहा फुटी लाकडी पेटीत पंख्याने वारा सोडून सुमारे २०० छोटे पंख त्यांनी मोजले. हवेच्या दाबासाठी सगळे वापरत होते तो अठराव्या शतकातला ०.००५ हा गुणांक फार मोठा आहे, तो ०.००३३ च्या आसपास हवा, हे त्यांना प्रत्यक्ष मोजमापांतून कळलं.

१९०२ च्या ग्लायडरमध्ये शेवटची अडचण आली. पंख पिळला की ज्या बाजूला वर उचलायचं ती बाजू हवेत अडून मागे राहायची आणि यंत्र गिरकी घेत वाळूत रुतायचं. त्यांनी शेपटीचं उभं सुकाणू हलतं केलं आणि ते पंखांच्या पिळाला जोडलं. शोध लागला तो इथे. २३ मार्च १९०३ ला त्यांनी पेटंटचा अर्ज केला तेव्हा इंजिनवालं विमान बांधून झालेलंही नव्हतं. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या विमान-पेटंटमध्ये इंजिनाचा दावाच नाही, ते ग्लायडरवरचं पेटंट आहे. या एका गोष्टीवरून त्यांना आपण काय शोधलंय याची किती स्वच्छ जाणीव होती ते कळतं.

मग १२ अश्वशक्तीचं इंजिन आणि स्वतः गणित मांडून कोरलेले प्रोपेलर. प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंखच, हे धरून त्यांनी हिशेब केला आणि सुमारे ७५ टक्के कार्यक्षमता मिळवली. १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकजवळ चार उड्डाणं झाली. पहिलं १२ सेकंद, १२० फूट. शेवटचं ५९ सेकंद, ८५२ फूट.

तरीही माझ्या लेखी खरी तारीख १७ डिसेंबर १९०३ नाही. ती ५ ऑक्टोबर १९०५ आहे. त्यांच्या डेटन गावाजवळच्या हफमन प्रेअरी या कुरणावर विल्बर राइट त्या दिवशी घिरट्या घालत ३९ मिनिटांत सुमारे २४ मैल उडाला आणि इंधन संपलं म्हणून उतरला. तोवर त्यांना वळताना यंत्र का घसरतं ते कळलं होतं, सुकाणू पंखांपासून सोडवून स्वतंत्र हातात घेतलं होतं, आणि पाहिजे तेव्हा पुन्हा उडता येत होतं. 'पुन्हा' हीच माझी कसोटी. तुमची कोणती?

आडवाट

लेख मन लावून लिहिलाय, पण निष्कर्ष मान्य नाही.

सांतोस द्युमाँने २३ ऑक्टोबर १९०६ ला पॅरिसच्या बागातेल मैदानावर '१४-बिस' हे विमान ६० मीटर उडवलं. १२ नोव्हेंबरला २२० मीटर, साडेएकवीस सेकंद. हजारो लोकांसमोर, एरो क्लबच्या पंचांसमोर, घड्याळ लावून. विमानाला स्वतःची चाकं होती. रूळ नाही, गलोलीसारखं फेकणारं यंत्र नाही. आंतरराष्ट्रीय वैमानिकी महासंघाने नोंदलेला पहिला विक्रम हाच.

त्या वेळी राइट बंधू काय करत होते? ऑक्टोबर १९०५ पासून मे १९०८ पर्यंत त्यांनी विमान जमिनीवरून उचललंच नाही. आधी करार, मग दर्शन, अशी अट. विज्ञानात जो दाखवतो त्याचं नाव होतं. कुलपात ठेवलेल्या ज्ञानाला जगाने श्रेय का द्यावं?

आणि माणूस म्हणूनही पाहा. १९ ऑक्टोबर १९०१ ला आयफेल टॉवरला वायू भरलेल्या फुग्याच्या हवाई जहाजातून फेरी मारून जिंकलेल्या बक्षिसाचे पैसे त्याने आपल्या कामगारांत आणि पॅरिसच्या गरिबांत वाटले. पुढे 'डेमोआझेल' हे छोटं विमान बांधलं तर त्यावर पेटंट घेतलं नाही, आराखडे सगळ्यांना खुले केले. कुणीही बांधा, कुणीही उडवा. दुसऱ्या बाजूला राइटांनी सगळ्या जगाला कोर्टात खेचलं. पहिला कोण हा प्रश्न बाजूला ठेवला तरी ऋण कुणाचं जास्त, याचं माझं उत्तर स्पष्ट आहे.

रानवारा

आडवाट, सांतोस द्युमाँबद्दल मलाही मनापासून आदर आहे. पण 'गलोल' हा मुद्दा दरवेळी येतो, म्हणून तो नीट सांगते.

१९०३ च्या चारही उड्डाणांत कॅटापल्ट, म्हणजे गलोलीसारखं फेकणारं यंत्र, नव्हता. लाकडी रूळ होता, वाळूत चाकं चालत नाहीत म्हणून. सपाट जागेवर, समोरून ताशी २० ते २७ मैलांच्या वाऱ्यात, स्वतःच्या इंजिनावर ते विमान उठलं. वजन टाकून ओढणारा मनोरा आला तो सप्टेंबर १९०४ मध्ये. कारण डेटनला किटी हॉकसारखा वारा नव्हता आणि कुरण लहान होतं. ज्यांना १९०४-०५ ची उड्डाणं कॅटापल्टमुळे नाकारायची आहेत त्यांनी हा विचार करावा: ढकलून मिळालेला वेग काही सेकंदांत संपतो. त्यानंतरची ३९ मिनिटं कशावर काढली?

गुप्ततेचंही पूर्ण चित्र सांगायला हवं. १७ डिसेंबरला पाच साक्षीदार होते आणि विमान रूळ सोडतानाचं छायाचित्र आहे. किनाऱ्यावरच्या जीवरक्षक ठाण्यातल्या जॉन डॅनियल्सने ते टिपलं. हफमन प्रेअरी तर विजेवरच्या गाडीच्या थांब्याला लागूनच होतं. २० सप्टेंबर १९०४ ला विल्बरने पहिलं पूर्ण वर्तुळ घेतलं ते ए. आय. रूट या गृहस्थांनी प्रत्यक्ष पाहिलं आणि जानेवारी १९०५ मध्ये स्वतःच्या मधमाशीपालनाच्या मासिकात छापलं. मोठ्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही, हे खरं. छापून आलंच नाही, हे खरं नाही.

आणि फ्रान्सचा शेवटचा शब्द काय होता? ८ ऑगस्ट १९०८ ला ल माँजवळ विल्बर उडाला. पावणेदोन मिनिटंच, पण त्याने विमान कलतं करून वळणं घेतली. तोपर्यंत युरोपातली विमानं जवळजवळ सपाट राहून, मोठा वळसा घेत वळत होती. राइटांवर सगळ्यात जास्त अविश्वास दाखवणाऱ्या एर्नेस्ट आर्चडेकनने त्यानंतर जाहीरपणे भरपाई केली. ज्यांच्यासमोर सांतोस द्युमाँ उडाला होता त्याच लोकांचा हा निवाडा आहे.

आडवाट

कॅटापल्टचं स्पष्टीकरण मान्य, ते आधी कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. पण १९०६ मध्ये ज्या माणसाला पंख-पिळाचा तपशील मिळालेला नव्हता, त्याने आपल्या बळावर यंत्र उडवलं, ही गोष्ट राहतेच. १२ नोव्हेंबरच्या उड्डाणासाठी त्याने पंखांच्या मध्ये अष्टकोनी एलेरॉनही (विमानाचं कलणं सावरणाऱ्या हलत्या फळ्या) बसवले होते. आजच्या विमानांत एलेरॉन आहेत, पिळणारे पंख नाहीत.

ठिणगी

सगळ्या देशांची नावं झाली. तळपद्यांचं काय? १८९५ मध्ये चौपाटीवर 'मरुत्सखा' उडालं, राइटांच्या आठ वर्षं आधी. आपणच आपल्या माणसाला गाळायचं का?

रानवारा

ठिणगी, प्रश्न रास्त आहे आणि तो टाळता कामा नये.

शिवकर बापूजी तळपद्यांना विमानाचा ध्यास होता आणि त्या काळात, जवळजवळ पाठबळाशिवाय त्यांनी त्यात उडी घेतली, याचं मला कौतुक आहे. पण १८९५ च्या उड्डाणाचा आधार म्हणून आज जे दिलं जातं ते बरंचसं नंतर लिहिलेलं आणि सांगितलेलं आहे. अंतर, उंची, वजन, इंजिन यांची त्या दिवशी केलेली नोंद आपल्यासमोर नाही. छायाचित्र नाही. यंत्र नाही. पुढचं यंत्रही नाही.

ज्या 'वैमानिक शास्त्र' या संस्कृत ग्रंथाचा हवाला दिला जातो त्याचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये अभ्यास केला. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यात काढलेली विमानं उडू शकत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. तपासणारे आपलेच होते, हेही लक्षात घ्या.

आता त्याच काळातलं दुसरं उदाहरण शेजारी ठेवा. सॅम्युएल लँग्लेचं वाफेवरचं बिनमाणसाचं 'एरोड्रोम क्रमांक ५' ६ मे १८९६ ला पोटोमॅक नदीवर सुमारे १००० मीटर उडालं. टेलिफोनवाले बेल तिथे हजर होते, त्यांनी छायाचित्रही घेतलं. यंत्र आजही संग्रहालयात आहे. तरी आपण लँग्लेला विमानाचा जनक म्हणत नाही, कारण त्यात माणूस नव्हता. मग तळपद्यांसाठी मोजपट्टी वेगळी कशी लावायची? आदेरचा १८९७ चा दावा कागदावरून बाद होतो, तर कागदच नसलेला दावा उभा राहत नाही.

आपल्या माणसाला श्रेय मिळावं म्हणून भांडायचंच असेल तर जगदीशचंद्र बोसांसाठी भांडा. १८९५ मध्ये कलकत्त्यात त्यांनी भिंतीपलीकडे विद्युतलहरी पाठवून घंटा वाजवली. मिलिमीटर लांबीच्या लहरींवर त्यांनी केलेलं काम छापील स्वरूपात आहे, उपकरणं जपलेली आहेत, गॅलेना या खनिजाच्या स्फटिकावर चालणाऱ्या, लहरी टिपणाऱ्या उपकरणाचं अमेरिकी पेटंट १९०४ चं आहे. तिथे पुरावा शोधावा लागत नाही, फक्त वाचावा लागतो.

ठिणगी

बोसांचं पटलं. तळपद्यांबद्दल मन मानत नाही, पण नोंदीचा मुद्दा खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. वाचतोय.

पारा

तुम्ही सगळे स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेच्या कराराबद्दल बोलत का नाही? १९४८ मध्ये राइटांच्या वारसांनी त्या संस्थेशी करार केला. १९०३ च्या विमानाआधीचं कोणतंही विमान माणसासह, नियंत्रित उडू शकत होतं असं संस्थेने कधी म्हटलं, तर विमान परत द्यावं लागेल. असा करार असलेली संस्था व्हाइटहेडचा निष्पक्ष निकाल देईल? १४ ऑगस्ट १९०१ च्या उड्डाणाची बातमी ब्रिजपोर्टच्या 'हेराल्ड'मध्ये चारच दिवसांनी छापून आली होती. २०१३ मध्ये 'जेन्स' या नामवंत वार्षिकाच्या संपादकांनी त्याच्या बाजूने लिहिलं आणि त्याच वर्षी कनेक्टिकटने कायदाही केला.

वातकुक्कुट

पारा, करार खरा आहे आणि तो मलाही खटकतो. इतिहास लिहिणाऱ्या संस्थेने अशी अट मान्य करू नये. पण तो का झाला हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही, आणि हे प्रकरण या सगळ्या विषयातलं सगळ्यात बोलकं प्रकरण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लँग्ले हा स्मिथसोनियनचाच सचिव. अमेरिकी युद्धखात्याने त्याला माणूस नेणाऱ्या विमानासाठी ५०,००० डॉलर दिले. चार्ल्स मॅनलीने त्यासाठी ५२ अश्वशक्तीचं अप्रतिम इंजिन तयार केलं, राइटांच्या चौपटीहून जास्त ताकदीचं. ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ ला ते तरंगत्या घराच्या छपरावरून सोडलं आणि दोन्ही वेळा थेट नदीत गेलं. नऊ दिवसांनी राइट उडाले. त्यांचा एकूण खर्च १००० डॉलरांच्या आत होता.

१९१४ मध्ये ग्लेन कर्टिस राइटांशी पेटंटचा खटला लढत होता. स्मिथसोनियनने लँग्लेचं मोडकं विमान त्यालाच दिलं. त्याने ते दुरुस्त करताना पंख, आधाराच्या तारा, नियंत्रण अशा कितीतरी गोष्टी बदलल्या, खाली तरंगते लावले, आणि तळ्यावरून छोट्या उड्या मारल्या. संस्थेने मग ते विमान मूळ रूपात परत आणून संग्रहालयात ठेवलं आणि खाली पाटी लावली, की सलग मुक्त उड्डाण करू शकणारं जगातलं हे पहिलं माणूसवाहू विमान. बदलांचा उल्लेख नाही.

विल्बरचा भाऊ ऑरव्हिल याने वर्षानुवर्षं विनवण्या केल्या. अखेर १९२८ मध्ये त्याने १९०३ चं विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयात पाठवून दिलं. १९४२ मध्ये स्मिथसोनियनने बदलांची यादी छापून चूक जाहीरपणे मान्य केली. जानेवारी १९४८ मध्ये ऑरव्हिल गेला आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला विमान मायदेशी संग्रहालयात लागलं. करारातली अट व्हाइटहेडसाठी नव्हतीच. ती लँग्लेच्या पाटीची पुनरावृत्ती होऊ नये म्हणून होती.

आता व्हाइटहेड. त्याची यंत्रं खरी होती, इंजिनं बांधण्यात तो कुशल होता, हे कुणी नाकारत नाही. पण त्या बातमीसोबत उड्डाणाचं छायाचित्र नव्हतं, चित्र होतं. ज्यांची नावं साक्षीदार म्हणून छापली त्यांतल्या एकाने पुढे आपण तिथे नव्हतोच असं सांगितलं. बाकीच्या साक्षी १९३० च्या दशकात, तीस-पस्तीस वर्षांनंतर घेतल्या गेल्या. १९८६ मध्ये त्याच्या विमानाची प्रतिकृती उडाली, पण आधुनिक इंजिनांवर. आणि 'जेन्स'च्या प्रकाशकांनी नंतर स्पष्ट केलं की ते मत संपादकांचं होतं. या सगळ्याहून मला जड वाटतो तो प्रश्न वेगळा आहे. १९०१ मध्ये अर्धा मैल उडालेल्या माणसाने १९०२ नंतर, इतकी वर्षं हातात असताना, पुन्हा कुणासमोर का उडून दाखवलं नाही?

सांजवेळ

धागा आवडला, पण अजून एक गोष्ट कुणीच बोललेलं नाही. 'राइट बंधू' या दोन शब्दांत किती माणसं दडपली जातात?

ते इंजिन चार्ली टेलरने केलं. सायकलच्या दुकानातला यंत्रकामगार. मोटार कारखान्यांकडे चौकशी केली तर हवं तसं हलकं इंजिन मिळेना, म्हणून त्याने लेथ आणि ड्रिल वापरून सहा आठवड्यांत बनवलं. नीट आराखडेही नव्हते. किटी हॉकच्या छायाचित्रात तो नाही.

त्याआधी जॉर्ज केली. १७९९ मध्ये त्याने चांदीच्या एका चकतीवर स्थिर पंख, वेगळी शेपटी आणि वेगळा चालक जोर असलेलं यंत्र कोरलं. पंख फडफडवायचा नाद सोडा, उचल एकाकडून घ्या आणि ढकल दुसऱ्याकडून, हा विचार त्याचा. मागच्या बाजूला उचल आणि अवरोध यांची आकृती आहे. १८०९-१० मध्ये त्याने हे सगळं छापलं. विमान म्हटल्यावर आज आपल्या डोळ्यांसमोर जो आकार येतो तो राइटांच्या शंभर वर्षं आधी ठरला होता.

आणि ऑक्टेव्ह शान्यूट. १८९४ मध्ये त्याने जगभरच्या प्रयोगांची माहिती एका ग्रंथात गोळा केली. १९०० पासून विल्बरशी त्याचा पत्रव्यवहार होता, शेकडो पत्रं. राइटांच्या ग्लायडरची दोन थरांची, तारांनी ताणलेली चौकट त्याच्या १८९६ च्या ग्लायडरवरून आली. तो स्वभावाने असा, की जे कळेल ते सगळ्यांना सांगावं. १९१० मध्ये दोघांचं बिनसलं, आणि बिनसलं ते याच विषयावरून. पंख पिळण्याची कल्पना जुनी आहे असं शान्यूट म्हणाला, विल्बरला तो घाव वाटला. पैशाच्या इच्छेने तुमची विवेकबुद्धी झाकोळली आहे, असं शान्यूटने त्याला लिहिलं. त्याच वर्षाच्या अखेरीस शान्यूट गेला. इतक्या सुंदर मैत्रीचा असा शेवट वाचून मला फार वाईट वाटतं.

पारा

सांजवेळ +१. करारामागची कथाही पहिल्यांदाच इतकी नीट कळली, धन्यवाद.

आडवाट

मी सुरुवातीला म्हटलं ते सांजवेळ यांच्या प्रतिसादाने अजून पक्कं होतं. शान्यूट आणि सांतोस द्युमाँ वाटणारे, राइट राखणारे. पेटंटमुळे अमेरिकेचं किती नुकसान झालं! कर्टिसने ४ जुलै १९०८ ला 'जून बग' आधी जाहीर करून, लोकांसमोर एक किलोमीटरहून लांब उडवलं. त्याच कर्टिसला पुढची कितीतरी वर्षं खटल्यात अडकवलं. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा सरकारला मध्ये पडून सगळी पेटंटं एकत्र करावी लागली. तोवर युरोप पुढे निघून गेला होता.

वातकुक्कुट

पेटंटाच्या भांडणाने नुकसान झालं यावर मी वाद घालणार नाही. १९१२ मध्ये विल्बर विषमज्वराने गेला तोवर त्याची शेवटची वर्षं खटल्यांतच गेली होती. ज्या डोक्याने १९०१ मध्ये जुने आकडे तपासले ते डोकं वकिलांच्या कागदांवर खर्च झालं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं नुकसान वाटतं. पण श्रेय आणि मक्तेदारी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवू. शोध त्यांचा होता, म्हणून पेटंटाच्या कलमांनी सगळ्यांना रोखण्याचा त्यांना हक्क होता असं होत नाही. आणि त्यांनी रोखलं, म्हणून शोध त्यांचा नव्हता असंही होत नाही.

कोर्टाने ठरवलेलं श्रेय किती तोकडं असतं याचं रेडिओ हे चांगलं उदाहरण. १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनीच्या एका पेटंटातली कलमं लॉज, टेस्ला आणि स्टोन यांच्या आधीच्या कामामुळे रद्द केली. तेव्हापासून 'कोर्टाने टेस्लाला रेडिओचा जनक ठरवलं' असं सांगितलं जातं. त्या निकालात असं कुठेही ठरवलेलं नाही. संसदांचंही तसंच. जून २००२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने टेलिफोनसाठी आंतोनिओ मेउच्ची या इटालियन संशोधकाच्या कामाचा गौरव करणारा ठराव केला आणि दहाच दिवसांत कॅनडाच्या संसदेने बेलच्या बाजूने ठराव केला. तारांमधून आवाज कसा गेला, याचा दोन्हींशी संबंध नाही.

रानवारा

कायद्याने श्रेय ठरत नसेल तर मॅथ्यू बोल्टनचं काय? एलेरॉनचं ब्रिटिश पेटंट त्याने १८६८ मध्येच घेतलं होतं. पंखांच्या टोकांशी हलणाऱ्या फळ्या, कलणं रोखण्यासाठी. ते कागद कुणी वाचले नाहीत आणि तीस-चाळीस वर्षांनी हीच कल्पना वेगवेगळ्या लोकांना पुन्हा सुचली. वातकुक्कुट, तुमच्या 'पुन्हा'च्या कसोटीवर बोल्टन नापास होतो. मला ते कठोर वाटतं.

वातकुक्कुट

कठोर आहे, पण नापास म्हणणार नाही. कल्पनेचा मान बोल्टनचाच, तो कुणी काढून घेऊ नये. फक्त त्याच्या फळ्यांनी कुणी उडालं नाही. एका बाजूची फळी खाली गेली की तीच बाजू मागे ओढली जाते आणि सुकाणूने ते सावरावं लागतं, हे कागदावर दिसत नाही. हवेत पडून कळतं. १९०२ च्या वाळूत ते कळलं.

तुमच्या प्रश्नावरून मला पिअर्सची आठवण झाली. त्याच्यासाठी न्यूझीलंडमध्ये अनेकजण मार्च १९०३ ही तारीख धरून बसले आहेत. त्याचं यंत्र खरंच पुढचं होतं: एकच पंख, तीन चाकं, आणि १९०६ च्या त्याच्या पेटंटात टोकांशी हलणारे पृष्ठभाग. शेतात एकट्याने, जुळवाजुळव करून बांधलेलं. पण स्वतः पिअर्सने वर्तमानपत्रांना पत्रं लिहून सांगितलं की आपण प्रयोगांना १९०४ च्या सुमारास लागलो, नियंत्रित उड्डाण साधलं नाही, आणि तो मान राइटांचा. विमान ही अनेकांच्या बुद्धीची कमाई आहे असंही त्याने लिहिलं. त्याच्या बाजूने भांडणाऱ्यांनी त्याची ती पत्रं आधी वाचावीत.

सांजवेळ

पिअर्सवर वेगळा धागा काढाल का? त्या पेटंटातल्या आकृत्या पाहायच्या आहेत, आणि त्या पृष्ठभागांची जोडणी सुकाणूशी होती का तेही.

वातकुक्कुट

काढतो. आकृत्यांवरूनच सुरुवात करू. आडवाट, 'डेमोआझेल'वर तुम्ही लिहा, ते तुमच्याइतकं प्रेमाने दुसरं कुणी लिहिणार नाही.

आडवाट

लिहितो. त्यात पंख-पिळाचंच नियंत्रण होतं, तिथूनच सुरुवात करावी लागेल.